मत्स्यबीज मोजून महासीर वाचत नाही

मध्य प्रदेश शासनाने २०११ मध्ये महासीर या माशाला राज्यमाशाचा मान दिला. नर्मदाकाठचे मच्छीमार त्याला 'बाडस' म्हणतात; शास्त्रीय नाव 'टोर टोर'. मान मिळाला खरा, परंतु आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत या प्रजातीपुढे 'अपुरी माहिती' असा शेरा आहे. मासा सुरक्षित आहे, असा या शेऱ्याचा अर्थ नव्हे. तो किती संकटात आहे याचा निवाडा करण्याइतक्या नोंदी शास्त्रज्ञांच्या हाती नाहीत, असा त्याचा अर्थ आहे. ज्या प्राण्याला राज्याचे प्रतीक केले त्याची मोजदाद नीट झालेली नसावी, आणि तरीही त्याच्या संवर्धनाच्या यशाच्या बातम्या मात्र अधूनमधून झळकत राहाव्यात, ही विसंगती साधी नाही.

या बातम्यांचा साचा ठरलेला असतो. अमुक हजार बोटुकली नदीत सोडली, अमुक मान्यवरांच्या हस्ते सोडली, अमुक योजनेतून खर्च झाला. सोडलेल्यांपैकी वर्षभराने किती जगली, पाच वर्षांनी किती वयात आली आणि त्यांतील किती माशांनी नदीत स्वतः अंडी घातली, हे त्या बातमीत नसते. संवर्धनाचा खरा हिशेब मात्र या शेवटच्या आकड्यानेच पुरा होतो.

हा हिशेब मागण्याचा पहिला अधिकार आणि पहिली जबाबदारी जबलपूरची आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे मध्य विभागीय केंद्र या शहरात आहे. राज्य वन संशोधन संस्था येथे आहे. नानाजी देशमुख पशुवैद्यक विज्ञान विद्यापीठ आणि त्याचे मत्स्यविज्ञान महाविद्यालयही येथेच आहे. शहराच्या वरच्या अंगाला बरगीचे धरण आणि खालच्या अंगाला ग्वारीघाट, तिलवाराघाट, लमेटाघाट, भेडाघाट. प्रयोगशाळा आणि नदी इतक्या जवळ असलेली शहरे देशात फार नाहीत.

महासीरला नेमके काय हवे असते, हे विज्ञानाला पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात केंद्रीय अंतर्देशीय मात्स्यिकी संशोधन संस्थेने नर्मदेच्या मधल्या टप्प्याचा अभ्यास केला, तेव्हा तेथील पकडीत महासीरचा वाटा पावहिश्श्याच्या आसपास होता. व्ही. आर. देसाई यांनी नर्मदेतील या माशाच्या जीवनक्रमाचा दीर्घकाळ अभ्यास केला. या प्रजातीविषयीचा त्यांचा संकलनग्रंथ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००३ मध्ये प्रकाशित केला. महासीर हा वाहत्या पाण्यातला मासा आहे. त्याला भरपूर प्राणवायू असलेले स्वच्छ पाणी लागते, उन्हाळा काढण्यासाठी खोल डोह लागतात, आणि पावसाळ्यात नदी फुगली की प्रवाहाच्या विरुद्ध वर चढून गोट्या-वाळूच्या उथळ तळावर अंडी घालण्यासाठी मोकळी वाट लागते. पुराची वाढ ही त्याच्यासाठी सूचना असते. ती सूचना वेळेवर आली नाही, वाट अडली किंवा तळावर गाळ बसला, तर मासा जिवंत राहूनही निर्वंश होऊ शकतो.

बरगी धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये पुरे झाले. नर्मदेच्या मुख्य प्रवाहावर पूर्ण झालेल्या मोठ्या धरणांत हे पहिले. भिंतीची उंची सुमारे ६९ मीटर. या भिंतीत माशाला वर जाण्यासाठी वाट ठेवलेली नाही. तिच्यामागे मंडल्याच्या दिशेने सुमारे ७५ किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला आणि वाहत्या नदीचा तेवढा भाग तलाव झाला. मंडला, शिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली. धरणाखाली नदीचे वेळापत्रक ऋतूऐवजी वीज आणि सिंचन यांच्या मागणीनुसार चालू लागले. ९० मेगावॉटच्या वीजगृहातून पाणी केव्हा सुटावे, हे विजेची गरज ठरवते. माशाची गरज त्या नोंदवहीत कोठेच नाही. उजव्या कालव्याची योजना तर नर्मदेचे पाणी स्लीमनाबादच्या बोगद्यातून कटनी, सतना, रीवा या बाजूंना, म्हणजे दुसऱ्याच नदीखोऱ्यात नेण्याची आहे.

धुआंधारचा धबधबा हादेखील माशाला अडसरच होता, मग धरणालाच दोष का, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु नैसर्गिक अडसर हजारो वर्षे तेथेच होता. त्याच्या वरचे मासे वर आणि खालचे खाली, असे दोन्ही बाजूंचे जीवन त्याच्याशी जुळवून घेत घडले. शिवाय महापुरात हा धबधबा पाण्याखाली जाऊन दिसेनासाही होतो. काँक्रीटची भिंत पुरातही भिंतच राहते, आणि ती वर व खाली या दोन्ही भागांचा प्रवाहच बदलून टाकते.

यावर शासनाचे उत्तर काय? मे २०१७ मध्ये राज्य विधानसभेने नर्मदेला सजीव मानणारा ठराव केला. त्याच वर्षी २ जुलै रोजी नर्मदेच्या खोऱ्यात एका दिवसात सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचा दावा करण्यात आला. खरगोन जिल्ह्यातील बडवाह येथे महासीरच्या कृत्रिम प्रजननाचे काम झाले. केंद्राच्या २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत, जिचा एकूण आकार २०,०५० कोटी रुपयांचा होता, नद्यांत मत्स्यबीज सोडण्याचा स्वतंत्र घटक आहे. मासेमारीवर १६ जून ते १५ ऑगस्ट अशी बंदी असते. यांतील बडवाहसारखे काम मनापासून करणारे वनाधिकारी आणि संशोधक आदरास पात्र आहेत. बंदिस्त पाण्यात महासीर वाढवणे सोपे नाही. परंतु या सर्व उपायांत एक गोष्ट समान आहे. त्यांतील एकही उपाय धरणाच्या दरवाजाला हात लावत नाही. मच्छीमाराने दोन महिने जाळे बाजूला ठेवावे, रोपे लावणाऱ्याने खड्डा खणावा, संशोधकाने अंडी उबवावीत. फक्त जलसंपदा आणि ऊर्जा या खात्यांनी आपल्या नोंदवहीत एक ओळही बदलू नये, अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेचा शेवट कोठे होतो, हे पाहायचे असेल तर उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे पाहावे. तेथे ज्या ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, वॉशिंग्टन राज्य आणि ब्रिटिश कोलंबिया यांच्या समुद्रात राहतात, त्यांच्यातील 'सदर्न रेसिडेंट' या गटाला अमेरिकेने २००५ मध्ये संकटग्रस्त घोषित केले. आज या गटात पाऊणशेच्या आतबाहेर प्राणी उरले आहेत. त्यांचे मुख्य अन्न चिनूक सॅमन, आणि तो सॅमन स्वतःच अनेक नद्यांत संकटात आहे. २००८ ते २०१४ या काळात या ऑर्कांच्या विष्ठेतील संप्रेरकांचा अभ्यास झाला, तेव्हा ओळखता आलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्क्यांपर्यंत अयशस्वी ठरल्याचे दिसले आणि उपासमार हे त्यामागचे प्रमुख कारण म्हणून पुढे आले. २०१८ च्या उन्हाळ्यात 'टाहलेक्वा' नावाच्या मादीने आपले मृत पिल्लू १७ दिवस वाहून नेले. ते दृश्य जगाने पाहिले. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या राज्यपालांनी विशेष कृतिगट नेमला होता. पुढे ऑर्कांना अन्न मिळावे म्हणून उबवणी केंद्रांतून आणखी चिनूक सोडण्याचा निर्णय झाला.

नवे काहीच नव्हते. कॅलिफोर्नियातील मॅक्लाउड नदीवर सॅमनचे पहिले उबवणी केंद्र १८७२ मध्ये उभे राहिले होते. त्यानंतर दीडशे वर्षे प्रत्येक धरणाची भरपाई म्हणून केंद्रे वाढत गेली. धरण बांधा, मासे आम्ही तयार करून देऊ, हा करार होता. स्नेक नदीच्या खालच्या टप्प्यातील चार धरणे १९६२ ते १९७५ या काळात कार्यान्वित झाली. त्यांना मत्स्यसोपान आहेत, शेजारी उबवणी केंद्रे आहेत, अब्जावधी डॉलर खर्चही झाले. तरी तेथील जंगली सॅमन आजही संकटग्रस्तांच्या यादीत आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी केंद्र शासनाने तेथील आदिवासी राष्ट्रे आणि राज्ये यांच्याशी या खोऱ्याच्या पुनरुज्जीवनाचा करार केला. जून २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी एका आदेशाने तो गुंडाळला. ज्या देशात कायदा कठोर आहे, पैसा आहे आणि प्रत्येक ऑर्काला नाव-क्रमांक आहे, तेथेही मूळ प्रश्नाला बगल देण्याचे साधन एकच राहिले, आणि ते म्हणजे मत्स्यबीज.

हे साधन अपुरे का पडते, याचे उत्तर जीवशास्त्रात आहे आणि विद्यार्थ्यांनी ते नीट समजून घ्यावे असे आहे. नदीत हजारो अंड्यांतून थोडीच पिल्ले वाचतात, परंतु वाचतात ती प्रवाह, शिकारी, पूर आणि उपासमार यांच्या परीक्षेतून गेलेली असतात. टाकीत जवळजवळ सगळीच वाचतात, आणि टाकीत वाढायला योग्य असलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात. शिवाय टाकीतील हजारो पिल्लांचे आई-बाप मोजकेच असतात, त्यामुळे संख्या वाढते तसे वैविध्य घटते. ओरेगॉनच्या हूड नदीतील स्टीलहेड या सॅमनच्या सग्यावर झालेला आणि २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, बंदिस्त संगोपनाच्या प्रत्येक पिढीमागे माशाची जंगलात प्रजनन करण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटू शकते. नदीत सोडलेला मासा आकडेवारीत 'वाढ' म्हणून दिसतो, पण उरल्यासुरल्या जंगली माशाशी त्याचा संकर होतो तेव्हा ती वाढ पुढच्या पिढ्यांच्या खात्यातून उचललेली असते.

अमेरिकेचे उदाहरण दूरचे वाटत असेल, तर कावेरीचे घ्यावे. त्याचा एक धागा महाराष्ट्रात आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीने १९७० च्या दशकात महासीरचे कृत्रिम प्रजनन साधले. तो काळाच्या पुढचा प्रयत्न होता, हेतू निर्मळ होता आणि निळ्या परांच्या महासीरला, म्हणजे 'टोर खुद्री' या प्रजातीला, त्याचा आधारही मिळाला. परंतु तेथील बोटुकली देशातील अनेक जलाशयांत आणि नद्यांत गेली, तशी कावेरीतही गेली. कावेरीत स्वतःचा वेगळा महासीर होता: कुबड असलेला, पन्नास किलोंच्या पुढे जाणारा, जगातल्या सर्वांत मोठ्या महासीरांपैकी एक. १९९८ ते २०१२ या काळातील गळाच्या मासेमारीच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा महासीरची एकूण संख्या वाढताना दिसली, पण वाढणारा मासा बाहेरून आलेला होता. मूळचा कुबडा महासीर जवळपास दिसेनासा झाला होता. २०१८ मध्ये त्याची ओळख 'टोर रेमादेवी' अशी निश्चित झाली, आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून लाल यादीत आला. ज्याचे शास्त्रीय नाव निश्चित होण्याआधीच त्याची जागा दुसऱ्याने घेतली, अशा माशाची ही कथा आहे. संवर्धनाच्या आकडेवारीत मात्र तो सर्व काळ यशाचाच काळ होता.

नर्मदेला हा धडा थेट लागू पडतो. 'टोर टोर' या नावाचा मासा हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये वर्णिला, तो बंगालमधील महानंदा नदीतला. हिमालयातून उतरणाऱ्या नदीतला मासा आणि विंध्य-सातपुड्यामधून वाहणाऱ्या नदीतला मासा हे जनुकीयदृष्ट्या एकच आहेत का, हा प्रश्न नुसता नावाचा नाही. नर्मदेच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या टप्प्यांतील महासीर एकमेकांपासून किती वेगळे, हाही नाही. ज्या केंद्रातून पिल्ले सोडायची, त्या केंद्रातील आई-बाप कोठले, याचे उत्तर प्रत्येक वाटपापूर्वी जाहीर असले पाहिजे. ते नसेल तर सोडलेली प्रत्येक पिशवी हा एक न नोंदवलेला प्रयोग असतो, आणि त्याचा परिणाम परत घेता येत नाही.

दोन आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा की, बरगी आज शेतीला पाणी देते, वीज देते. एका माशासाठी ते मोडायचे का? मोडा, असे येथे म्हटलेले नाही. अमेरिकेत एल्व्हा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात काढली गेली, त्यांतील मोठे सुमारे ६४ मीटर उंचीचे, म्हणजे जवळजवळ बरगीएवढे होते. क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ मध्ये काढून झाली आणि काही आठवड्यांतच चिनूक सॅमन शतकाहून अधिक काळानंतर वरच्या प्रवाहात पोहोचला. पण ती जुनी, तोट्यात गेलेली धरणे होती. बरगीची परिस्थिती वेगळी आहे. म्हणूनच मागणी भिंतीविषयी नसून दरवाजांविषयी आहे. दुसरा आक्षेप असा की, नदीच रिकामी झाली असेल तर उबवणीखेरीज उपाय कोणता? हे खरे आहे. स्थानिक वंशाच्या माशांपासून, मर्यादित काळासाठी, नदी सुधारेपर्यंत चालवलेले केंद्र म्हणजे रुग्णाला दिलेला कृत्रिम श्वास. तो आवश्यक असू शकतो. पण रोगावर उपचार न करता केवळ नळी लावून ठेवणे याला चिकित्सा म्हणत नाहीत.

करायचे काय, हे अस्पष्ट नाही. गंगेसाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये किमान पर्यावरणीय प्रवाहाची अधिसूचना काढली. देवप्रयाग ते हरिद्वार या टप्प्यात पावसाळी महिन्यांत सरासरी प्रवाहाच्या ३० टक्के आणि हिवाळ्यात २० टक्के पाणी वाहते ठेवण्याचे बंधन घातले. ते प्रमाण पुरेसे आहे का, यावर वाद होऊ शकतो. पण निदान मोजता येईल असा नियम तरी आहे. नर्मदेला सजीव मानणाऱ्या राज्याने बरगीखाली असाच मासिक नियम मागावा, आणि त्यात पावसाळ्याच्या प्रारंभी माशाला 'सूचना' देणारी प्रवाहवाढ समाविष्ट करावी. बरगीच्या वर बुढनेर आणि बंजर या उपनद्यांत महासीरची प्रजननस्थळे कोठे आहेत, याचे सर्वेक्षण व्हावे. ते होईपर्यंत दिंडोरी आणि मंडला जिल्ह्यांत प्रस्तावित असलेल्या राघवपूर आणि बसानिया या नव्या धरणांचा निर्णय स्थगित ठेवावा. कारण बरगीच्या वर उरलेली वाहती नर्मदा तेवढीच आहे. पात्रातील वाळू आणि गोटे हा महासीरचा पाळणा आहे, हे उत्खननाचे परवाने देणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे.

आणि हे काम मच्छीमाराला वगळून होणार नाही. ऑर्का सॅमनवर अवलंबून आहे तसे नर्मदेत पाणमांजर माशावर अवलंबून आहे, आणि केवट, बर्मन, ढीमर या समाजांतील माणसेही. बरगीच्या विस्थापितांनी संघटित होऊन १९९४ मध्ये आपल्याच बुडालेल्या गावांवरच्या जलाशयात मासेमारीचा हक्क सहकारी संघासाठी मिळवला होता; पुढे तो त्यांच्याकडून काढून घेतला गेला. ज्याचा हक्क नाही त्याच्याकडून राखणीची अपेक्षा करता येत नाही. महाराष्ट्रात महाड तालुक्यातील काळ नदीच्या वाळणकोंडीत महासीर टिकला तो कोणत्याही योजनेमुळे नव्हे, तर गावाने डोह देवीचा मानला आणि राखला म्हणून. श्रद्धा प्रत्येक डोहाला लावता येणार नाही, परंतु अधिकार लावता येतो. डोह ठरवा, तो गावाच्या संस्थेकडे सोपवा, आणि नोंद ठेवण्याचे प्रशिक्षण द्या.

जबलपूरच्या विज्ञान विद्यार्थ्यांपुढे म्हणूनच एक प्रत्यक्ष काम पडलेले आहे. पाण्याच्या नमुन्यातील डीएनएवरून मासा आहे की नाही हे आज कळू शकते. बारीक खुणापट्टी लावून सोडलेला मासा पुन्हा सापडतो का, हे तपासता येते. परांचा छोटा तुकडा घेऊन वंश ओळखता येतो. ग्वारीघाटापासून मंडल्यापर्यंत अशी नोंद सलग दहा वर्षे ठेवली आणि ती सर्वांना खुली केली, तर 'अपुरी माहिती' हा शेरा पुसता येईल. पुसल्यावर कदाचित त्याहून वाईट शेरा तेथे येईल. पण तो खरा असेल, आणि खऱ्या शेऱ्यावरच न्यायालयात, विधानसभेत आणि धरणाच्या नियंत्रण कक्षात भांडता येते.

तोवर, महासीरची इतकी हजार पिल्ले नर्मदेत सोडली अशी पुढची बातमी येईल, तेव्हा वाचकाने तीनच प्रश्न विचारावेत. मागच्या खेपेची किती जगली? त्यांचे आई-बाप कोणत्या नदीचे? आणि त्या आठवड्यात बरगीच्या दरवाजातून किती पाणी सुटले? या तिन्हींचे उत्तर मिळत नसेल, तर ती बातमी महासीरची नसून समारंभाची आहे, असे समजावे.